आश्रयाची प्रक्रिया आणि महाराष्ट्राचा अनुभव : वळिवडे येथील पोलिश छावणी व सोलापूर सीमेवरील निर्वासित (१९४२ ते १९४९)

प्रस्तावना

सोलापूर शहरातील सात रस्ता येथून तुळजापूर किंवा नळदुर्ग गाठण्यास आज साधारणपणे एक तास पुरतो. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत मात्र याच अंतरात एक सीमा ओलांडावी लागत असे. सोलापूर जिल्हा स्वतंत्र भारताच्या मुंबई प्रांतात होता, तर तुळजापूर व नळदुर्ग हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखाली होते. ब्रिटिश सत्ता संपुष्टात आल्यानंतर आपण सार्वभौम राहू, असे निजामाने जून १९४७ मध्येच जाहीर केले होते. त्यामुळे रझाकारांच्या भयाने उस्मानाबाद जिल्ह्यातून सोलापूर किंवा बार्शीकडे निघालेला शेतकरी अंतराने आपल्या नेहमीच्या बाजाराच्या गावी येत होता. राजकीय अर्थाने मात्र तो एका सत्तेचा अंमल सोडून दुसऱ्या सत्तेच्या आश्रयास येत होता.

याच काळात कोल्हापूरपासून जवळ असलेल्या वळिवडे या गावी सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध राहत होते. सैबेरिया, मध्य आशिया व इराण असा प्रवास करून ते तेथे पोहोचले होते. त्यांची भाषा, धर्म, अन्न व हवामान यांपैकी काहीही येथील समाजाशी जुळणारे नव्हते. हे दोन्ही समूह महाराष्ट्राच्या भूमीवर आश्रयास आले. परंतु त्यांना आश्रय ज्या मार्गाने मिळाला, ज्याच्या हमीवर तो टिकला आणि ज्या रीतीने तो संपला, त्यांत मोठी तफावत आहे. या तफावतीचा अभ्यास करण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) परक्या राज्यात आश्रय मिळण्याची प्रक्रिया कोणत्या टप्प्यांतून जाते, हे स्पष्ट करणे.
२) वळिवडे येथील पोलिश छावणीच्या आधारे या टप्प्यांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) सोलापूर सीमेवरील निर्वासित आणि वळिवडे येथेच नंतर आलेले सिंधी निर्वासित यांच्याशी त्या अनुभवाची तुलना करणे.
४) या अनुभवाच्या प्रकाशात भारतातील आजच्या कायदेशीर स्थितीचा विचार करणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून त्यास प्रकाशित साहित्याचा आधार घेतला आहे.

संकल्पना व टप्पे

स्थलांतरित, विस्थापित, निर्वासित आणि आश्रयार्थी हे शब्द मराठीत बहुधा एकमेकांऐवजी वापरले जातात. सोलापूरच्या इतिहासात मात्र त्यांतील भेद सहज दाखविता येतो. तेलंगणातून येऊन या शहराच्या हातमाग व यंत्रमाग व्यवसायाचा कणा बनलेला पद्मशाली समाज हा स्थलांतरित होय. तो रोजगाराच्या शोधात आला आणि त्याचा परतीचा मार्ग बंद झालेला नव्हता. निर्वासिताचे तसे नसते. मागे राहणे जिवावर बेतणारे असल्यामुळे तो निघतो. ज्याने परक्या राज्याकडे संरक्षण मागितले आहे, परंतु ज्याच्या मागणीवर अद्याप निर्णय झालेला नाही, तो आश्रयार्थी. निर्णय अनुकूल झाला म्हणजे त्यास निर्वासिताचा दर्जा मिळतो. आपल्याच देशाच्या हद्दीत ज्यास घर सोडावे लागते, तो विस्थापित.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चौदाव्या कलमाने छळापासून बचावासाठी अन्य देशात आश्रय मागण्याचा व उपभोगण्याचा हक्क मान्य केला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आश्रय मागण्याचा हक्क व्यक्तीस दिला गेला. तो देण्याचे स्पष्ट बंधन मात्र राज्यांवर घातले गेले नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व अथवा राजकीय मत या पाच कारणांवरून छळ होण्याची साधार भीती असलेल्या व्यक्तीची व्याख्या करण्यात आली. ज्या ठिकाणी जीवित वा स्वातंत्र्य धोक्यात येईल तेथे निर्वासितास परत धाडू नये, असे बंधन याच कराराच्या तेहतिसाव्या कलमाने घातले. आरंभी हा करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या पूरक करारनाम्याने ही कालमर्यादा दूर झाली.

या चौकटीच्या आधारे आश्रयाच्या प्रक्रियेचे चार टप्पे मानता येतील. पहिला टप्पा प्रवेशाचा, म्हणजे धोक्याच्या भूमीतून बाहेर पडून दुसऱ्या राज्याच्या हद्दीत पाऊल ठेवण्याचा. दुसरा ओळखीचा, म्हणजे ही व्यक्ती निर्वासित आहे हे कोणीतरी अधिकाराने ठरविण्याचा. तिसरा पालनाचा, निवारा, अन्न, शिक्षण व काम यांचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न यात येतो. चौथा टप्पा शेवटाचा. मायदेशी परतणे, आश्रय देणाऱ्या देशातच सामावून जाणे अथवा तिसऱ्या देशात वसणे, असे तीन मार्ग यात संभवतात. वळिवडे येथील छावणी या करारापूर्वीची आहे. असे असूनही हे चारही टप्पे तिच्या इतिहासात स्पष्टपणे आढळतात.

पोलंड ते कराची : प्रवेशाचा टप्पा

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंड सोव्हिएत संघास जोडण्यात आला व तेथील रहिवाशांवर सोव्हिएत नागरिकत्व लादले गेले. १९४० मध्ये फेब्रुवारी, एप्रिल व जून अशा तीन वेळा आणि पुन्हा १९४१ मध्ये पोलिश कुटुंबांना मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तान व उत्तर रशियाकडे पाठविण्यात आले. सोव्हिएत दप्तरांनुसार ही संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास भरते. पोलिश अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि परिस्थिती पालटली. लंडन येथील निर्वासित पोलिश सरकार व सोव्हिएत संघ यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार होऊन पोलिश बंदिवानांना मुक्त करण्याचे ठरले. जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहू लागली आणि सैनिकांच्या मागोमाग त्यांची कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. १९४२ च्या मार्च–एप्रिल व ऑगस्ट या महिन्यांत कॅस्पियन समुद्रमार्गे सुमारे एक लाख पंधरा हजार लोक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. त्यांत नागरिकांची संख्या सदतीस हजारांच्या घरात होती.

यानंतर ही वाट फार काळ खुली राहिली नाही. जानेवारी १९४३ मध्ये सोव्हिएत सरकारने उरलेल्या पोलिश लोकांचे नागरिकत्व अमान्य केले आणि कातिन येथील हत्याकांड उघडकीस आल्यानंतर एप्रिल १९४३ मध्ये पोलिश सरकारशी संबंध तोडले. जे मागे राहिले त्यांच्यासाठी वाट बंद झाली. जे बाहेर पडले ते दोन सरकारांच्या करारामुळे आणि सैन्याच्या गरजेमुळे. व्यक्तीची संकटग्रस्तता दोन्ही गटांत सारखीच होती.

इराणमध्ये युद्धामुळे अन्नटंचाई होती. त्यामुळे या नागरिकांना ब्रिटिश साम्राज्याच्या अन्य भागांत हलविण्याचे ठरले. पूर्व आफ्रिकेत अनेक वसाहती उभारल्या गेल्या. न्यूझीलंडने १९४४ मध्ये ७३३ मुलांना स्वीकारले. मेक्सिकोनेही काहींना जागा दिली. भारतात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे १९४२ मध्ये पोलिश मुलांसाठी छावणी सुरू केली. मोठ्या संख्येने येणाऱ्या कुटुंबांना प्रथम कराचीजवळच्या तात्पुरत्या छावण्यांत ठेवले जाई. त्यांच्या दीर्घ वास्तव्यासाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवडे ही जागा निवडण्यात आली.

वळिवडे : ओळख व पालन

छत्रपती राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते आणि दत्तक शिवाजी महाराज अल्पवयीन होते. त्यामुळे त्या वेळी कोल्हापूरचा कारभार महाराणी ताराबाई यांच्या रीजन्सीकडे होता. जून १९४३ पासून वळिवडे येथे पोलिश कुटुंबे येऊ लागली. मिरज–कोल्हापूर लोहमार्गावरील स्थानक, पंचगंगेचे सान्निध्य आणि तुलनेने सौम्य हवामान ही या जागेची अनुकूलता होती. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती व कौलारू छपरे असलेल्या लांबलचक बराकींची एक वसाहतच तेथे उभी राहिली. शाळा, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह, दुकाने व बालवीर पथके यांनी ती गजबजली. क्षयाने आजारी असलेल्यांची व्यवस्था पाचगणी येथे करण्यात आली.

या लोकांची व्यक्तिशः चौकशी करून त्यांना निर्वासित ठरविले गेले नव्हते. ते पोलिश नागरिक आहेत, हे लंडन येथील पोलिश सरकारने सांगितले आणि ब्रिटिश सरकारने ते मान्य केले. ही ओळख समूहाची होती. भारताच्या कायद्यानुसार मात्र ते परदेशी होते व परदेशी म्हणूनच त्यांची नोंद आवश्यक होती. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बानाशिन्स्की व पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी असलेल्या त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का यांनी छावणीच्या उभारणीत पुढाकार घेतला. भारत सरकारतर्फे निर्वासितांचे प्रमुख अधिकारी म्हणून कॅप्टन ए. डब्ल्यू. टी. वेब काम पाहत. छावणीचा अंतर्गत कारभार पोलिश अधिकाऱ्यांच्याच हाती होता.

खर्चाची व्यवस्था या अभ्यासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. छावणीचा भार पोलिश सरकारच्या नावे होता व त्यासाठी लागणारा पैसा ब्रिटिश तिजोरीतून उपलब्ध होत असे. कोल्हापूर संस्थानाने जागा दिली, भारत सरकारने प्रवेश दिला, पोलिश सरकारने ओळख दिली आणि ब्रिटिश सरकारने हमी दिली. हे चार दुवे एकत्र आले म्हणून वळिवडे शक्य झाले. यांतील एक जरी दुवा तुटला तरी उरलेल्यांवर ताण येणार, हे उघड होते. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष होते. भारतात लक्षावधी लोक अन्नावाचून मरत असता परक्या लोकांचे पोषण करण्याचा प्रश्न संवेदनशील होता. हा खर्च भारतीय जनतेवर नाही, ही बाब म्हणूनच केवळ हिशेबाची नव्हती.

स्थानिक समाजाशी आलेला संबंध भाजीपाला, दूध, शिवणकाम व बाजारहाट यांतून वाढला. पोलिश मुले काही मराठी शब्द शिकली. काही पोलिश स्त्रियांनी कोल्हापुरातच विवाह करून येथे कायमचे घर केले. ज्यांचा येथे अंत झाला, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. मात्र या जिव्हाळ्याला कायदेशीर हक्काचे रूप कधीच आले नाही. छावणी तात्पुरती आहे आणि युद्धसमाप्तीनंतर हे लोक येथून जातील, हे आरंभापासून गृहीत धरलेले होते.

शेवटाचा प्रश्न : मायदेश नसलेले मायदेशी

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेने पूर्व पोलंडचा प्रदेश सोव्हिएत संघाकडे राहील, असे मान्य केले. वळिवडे येथील बहुसंख्य कुटुंबे याच प्रदेशातील होती. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सा येथील नव्या सरकारला ती दिली. ज्या सरकारच्या कागदावर हे लोक भारतात आले, ते सरकार जगाच्या दृष्टीने एका दिवसात नाहीसे झाले. युद्ध जिंकणाऱ्या बाजूस असूनही या लोकांना परतावयास घर उरले नव्हते.

यानंतर छावणीची जबाबदारी प्रथम संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संघटनेकडे आणि पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. या दुसऱ्या संघटनेच्या घटनेत परत न जाण्याची ‘ग्राह्य कारणे’ ही संकल्पना होती. आता प्रत्येकास आपण पोलंडला का जात नाही, याचे उत्तर देणे भाग पडले. समूहाच्या ओळखीकडून व्यक्तीच्या कारणांकडे झालेले हे संक्रमण आजच्या आश्रयप्रक्रियेचा पाया आहे. आज युरोपात अथवा अमेरिकेत आश्रय मागणाऱ्यास मुलाखतीत जो प्रश्न विचारला जातो, तो स्वरूपतः हाच आहे.

ज्यांचे पती, पुत्र वा बंधू ब्रिटिश आधिपत्याखालील पोलिश सैन्यात लढले होते, त्यांना ब्रिटनमध्ये जाण्याची वाट मिळाली. १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने त्यांच्या तेथील वास्तव्यास आधार दिला. काहीजण पोलंडला परतले. काहींना पूर्व आफ्रिकेतील वसाहतींत जावे लागले. तर काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका येथे पांगले. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील मुले वळिवडे येथे आली होती. त्यांचीही वाट अशीच ठरली. १५ ऑगस्ट १९४७ नंतर ज्या साम्राज्याच्या सोयीने ही छावणी उभी होती ते साम्राज्यच भारतातून गेले. १९४८ च्या पूर्वार्धात छावणी रिकामी झाली. कोणाच्या दुःखाचे प्रमाण किती, यावरून नव्हे, तर कोणाचा कोण सैन्यात होता, यावरून पुढील देश ठरला.

सोलापूरची सीमा : कागदाविना आश्रय

सोलापूर हे हैदराबादच्या दृष्टीने सीमेपलीकडचे सुरक्षित ठिकाण आधीपासूनच होते. १९३८ मध्ये संस्थानात नागरी स्वातंत्र्याची गळचेपी वाढली, तेव्हा डिसेंबर महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद सोलापुरातच भरली आणि १९३९ च्या आर्य समाज सत्याग्रहाची सूत्रे येथून हलली. १९४० मध्ये स्थापन झालेले दयानंद महाविद्यालय हा त्याच काळाचा वारसा होय. जी सभा संस्थानात भरविता येत नव्हती ती रेल्वेने काही तासांच्या अंतरावर उघडपणे भरत होती.

७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने विलीनीकरणासाठी आंदोलन सुरू केले. स्वामीजींना लवकरच अटक झाली. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदींच्या कृतिसमितीने संस्थानाबाहेरून लढा चालविला आणि सीमेलगत छावण्या उभ्या राहिल्या. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतरही कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेचा उपद्रव थांबला नाही. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे सोलापूर, बार्शी, अहमदनगर, मनमाड या बाजूंस निघून आली.

या लोकांच्या बाबतीत आश्रयाचे टप्पे कसे पार पडले? प्रवेशासाठी त्यांना परवाना लागला नाही. संस्थानांचे प्रजाजन १९४६ च्या कायद्यान्वये परदेशी मानले जात नव्हते. ओळखीसाठी वाणिज्यदूताची गरज पडली नाही. मराठी, कन्नड व तेलुगू या भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंस बोलल्या जात होत्या आणि सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या होत्या. पालनाचा भार नातेवाईक, संघटना व छावण्या यांनी उचलला. शेवटही लवकर झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फौजा सोलापूरकडून निघाल्या. त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली. परतीची वाट मोकळी झाली.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत संस्थानातील मुसलमान समाजावर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस दौरा करून जो अहवाल सादर केला, त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पीडित असल्याचे नमूद आहे. संस्थानातील एकूण मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान देण्यात आला. काही महिन्यांपूर्वी ज्या गावांतून एक समाज पळाला, त्याच गावांत दुसऱ्या समाजास पळण्याची पाळी आली. त्यांच्यासाठी पलीकडे सुरक्षित सोलापूर नव्हते; कारण आता सीमाच उरली नव्हती. देशाच्या हद्दीत विस्थापित झालेल्या माणसास आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळत नाही. त्याचे रक्षण त्याच्याच राज्याने करावयाचे असते. ते रक्षण त्या आठवड्यांत अपुरे पडले.

याच प्रकरणाचा एक उत्तरभाग आश्रयाच्या दृष्टीने विचारार्ह आहे. कासीम रझवी यांनी लातूर येथे वकिली केली होती. शिक्षा भोगून १९५७ मध्ये मुक्त झाल्यावर ते पाकिस्तानात गेले व तेथे त्यांना आश्रय मिळाला. ज्याच्या संघटनेमुळे हजारोंना निर्वासित व्हावे लागले, तोच पुढे आश्रयार्थी झाला. गंभीर गुन्हे करणाऱ्यास निर्वासिताचा दर्जा नाकारण्याची तरतूद १९५१ च्या करारात का करावी लागली, हे अशा उदाहरणावरून कळते. मानवतेविरुद्धचे गुन्हे अथवा राजकीय नसलेले गंभीर गुन्हे केल्याचे सबळ कारण असल्यास त्या व्यक्तीस कराराचे संरक्षण लागू होत नाही.

त्याच बराकी, दुसरे रहिवासी

पोलिश लोक गेल्यानंतर वळिवडे येथील वसाहत ओस पडली नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तेथे वसविण्यात आले आणि त्या वसाहतीस गांधीनगर हे नाव मिळाले. घाऊक कापड बाजारपेठ म्हणून आज गांधीनगर पश्चिम महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. सोलापूरच्या व्यापाऱ्यांनाही ते अपरिचित नाही.

एकाच जागेवर एकापाठोपाठ राहिलेल्या या दोन समूहांची तुलना उद्बोधक आहे. दोघांचीही घरे नव्या सीमारेषेच्या पलीकडे गेली होती. दोघांनाही परतणे शक्य नव्हते. परंतु सिंधी कुटुंबांना नागरिकत्वाचा मार्ग खुला होता. भारतीय संविधानाच्या सहाव्या कलमानुसार, स्वतः अथवा ज्यांचे आई-वडील वा आजी-आजोबा अविभाजित भारतात जन्मले आणि जे १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे सामान्यपणे राहत होते, ते नागरिक मानले गेले. त्यानंतर आलेल्यांसाठी नोंदणीची अट होती. नागरिकत्वामुळे जमीन, परवाना, कर्ज, मतदान व न्यायालय ही सर्व साधने त्यांच्या हाती आली. पोलिश स्त्रीने पाच वर्षे त्याच छपराखाली काढली, तरी तिला येथे राहण्याचा हक्क उत्पन्न झाला नाही. सिंधी निर्वासितांनी उभारलेल्या व्यापारात त्यांच्या उद्योगशीलतेचा वाटा निःसंशय मोठा आहे. पण त्या उद्योगशीलतेस पाय रोवण्यासाठी कायद्याने जागा दिली होती, हेही तितकेच खरे आहे.

नंतरचा काळ : तिबेटी वसाहत व आजची स्थिती

३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा यांनी भारतात प्रवेश केला आणि त्यांच्यामागून तिबेटी निर्वासित आले. पोलिश व तिबेटी अनुभवांना जोडणारे दोन दुवे उल्लेखनीय आहेत. औंध संस्थानच्या १९३९ च्या स्वराज्य घटनेच्या निर्मितीत सहभागी असलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन आणि भारतात उमादेवी या नावाने ओळखल्या गेलेल्या वांदा दिनोव्स्का या दोघांनीही पुढे तिबेटी निर्वासितांसाठी कार्य केले. महाराष्ट्रात गोठणगाव येथे १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत स्थापन झाली. तेव्हा हे गाव भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. येथील लोकांना जमीन व नोंदणी प्रमाणपत्र मिळाले. परंतु ते प्रमाणपत्र नूतनीकरणावर अवलंबून असते. १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटी व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट करेपर्यंत अनेकांना त्याचा लाभ मिळाला नव्हता.

भारताने १९५१ चा करार व १९६७ चा करारनामा यांवर स्वाक्षरी केलेली नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून २०२५ च्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्याने घेतली. त्यातही आश्रय मागण्याची व त्यावर निर्णय घेण्याची सर्वसाधारण पद्धती घालून दिलेली नाही. व्यवहारात काही समूहांची व्यवस्था केंद्र सरकार थेट पाहते, तर इतर काहींची नोंद दिल्ली येथील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाकडून होते. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या व्यक्तींना नागरिकत्वाचा मार्ग दिला; त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये जारी झाले. इतरांना तो मार्ग उपलब्ध नाही.

न्यायालयांनी ही पोकळी काही अंशी भरली. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणात संविधानाच्या एकविसाव्या कलमाचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मात्र ८ एप्रिल २०२१ च्या आदेशात रोहिंग्यांच्या पाठवणीस स्थगिती नाकारताना, देशाबाहेर न पाठविले जाण्याचा हक्क हा नागरिकांच्या निवासाच्या हक्काशी निगडित असल्याचे याच न्यायालयाने नमूद केले. जीविताचे संरक्षण सर्वांना आणि येथे राहण्याचा हक्क नागरिकांपुरता, अशी ही स्थिती आहे. वळिवडेच्या पोलिश स्त्रीची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती.

निष्कर्ष

१) वळिवडे, सोलापूर सीमा व गांधीनगर या तिन्ही उदाहरणांत आश्रय मिळाला; परंतु तो मिळण्याचे कारण प्रत्येक ठिकाणी वेगळे होते. वळिवडे येथे सरकारांची हमी, सोलापुरात भाषा व नात्याचा धागा, तर गांधीनगरात नागरिकत्व हे निर्णायक ठरले. केवळ संकटाची तीव्रता कोठेही निर्णायक ठरली नाही.

२) ओळख देणारी सत्ता नाहीशी झाली की आश्रय डळमळीत होतो. ५ जुलै १९४५ रोजी पोलिश निर्वासितांना हा अनुभव आला. समूहाच्या सरकारवर अवलंबून न राहता व्यक्तीला स्वतःच्या नावे संरक्षण मागता यावे, ही आजच्या आश्रयप्रक्रियेमागील भूमिका अशा अनुभवांतून घडली आहे.

३) प्रक्रियेचा चौथा टप्पा आरंभीच ठरला नाही, तर तात्पुरता आश्रय पिढ्यान्‌पिढ्या तात्पुरताच राहू शकतो. गोठणगावचा अनुभव याची साक्ष देतो.

४) महाराष्ट्रातील संस्थाने, शासन व समाज यांनी दाखविलेले औदार्य वादातीत आहे. कोल्हापूरचे ऋण पोलंड विसरलेला नाही. वॉर्सा येथे वळिवडेचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली. तथापि औदार्य हे देणाऱ्याच्या सोयीने चालते. ज्याच्या पाठीशी सरकार नाही, नाते नाही व नागरिकत्वाची वाट नाही, अशा माणसासाठी अर्ज कोठे करावा, निर्णय कोणी व किती दिवसांत द्यावा आणि नकार मिळाल्यास दाद कोठे मागावी, एवढे तरी कायद्याने सांगितलेले असणे आवश्यक आहे.

सोलापूर जिल्ह्यात सीमेवरून आलेल्यांच्या आठवणी सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्या कुटुंबांकडील पत्रे, छावण्यांच्या याद्या व मौखिक साक्षी संकलित केल्यास या विषयाच्या पुढील अभ्यासास मोलाची सामग्री उपलब्ध होईल. १९४८ मध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंस घर सोडावे लागलेल्या सर्व समाजांच्या आठवणी त्या संकलनात असाव्यात.